सेशन कोणी मागितले?

एखाद्या वेब अ‍ॅप्लिकेशनची सुरक्षा-मांडणी तपासायला बसल्यावर पासवर्ड कसे साठवले आहेत आणि कोणते पत्ते कोणाला खुले आहेत हे पाहून झाले की माझी नजर हमखास एका ओळीवर येऊन थांबते. स्प्रिंग सिक्युरिटी हे जावातल्या अ‍ॅप्लिकेशनना सुरक्षा पुरवणारे फ्रेमवर्क वापरणाऱ्या बहुतेक प्रकल्पांमध्ये ती असते आणि सेशन कधी निर्माण करायचे एवढेच ती सांगते. बहुधा ती दुसऱ्या कुठल्या तरी प्रकल्पातून जशीच्या तशी उचललेली असते. तिच्या शेजारीच सीएसआरएफ, म्हणजे परक्या साइटने वापरकर्त्याच्या नकळत त्याच्या नावावर विनंती पाठवण्याचा हल्ला, यापासूनचे संरक्षण बंद करणारी ओळ असते, आणि या दोघींची जोडी कशी जमली असे विचारले तर ‘एपीआय आहे ना’, म्हणजे हे माणसांसाठी नसून दुसऱ्या प्रोग्रॅमसाठी आहे ना, एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नसले तरी अर्धवट असते. सर्व्हरने कोणाला, कोणत्या क्षणापासून आणि कोणाच्या सांगण्यावरून लक्षात ठेवायचे, हा अ‍ॅप्लिकेशनच्या रचनेतला मोठा निर्णय त्या ओळीत दडलेला असतो. शिवाय ती ओळ एकटी तो निर्णय अमलात आणू शकत नाही, आणि हे नुसते तिच्याकडे पाहून कळत नाही.

एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही. प्रत्येक विनंती सर्व्हरच्या दृष्टीने नव्या माणसाकडून आलेली असते. 1994 मध्ये नेटस्केपमध्ये काम करणाऱ्या लू माँटुली यांनी ब्राउझरसाठी कुकी तयार केली आणि या विस्मरणावर पहिला टिकाऊ उपाय सापडला. सर्व्हरने एक ओळखक्रमांक द्यायचा, ब्राउझरने तो पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत परत आणायचा आणि त्या क्रमांकाखाली सर्व्हरने आपल्याकडे हवी ती माहिती ठेवायची, हेच सेशन. सर्व्हलेट, म्हणजे वेब विनंत्या हाताळण्याची जावाची प्रमाण पद्धत, तिच्या जगात त्या क्रमांकाची कुकी जेसेशनआयडी या नावाने ओळखली जाते.

मेख आहे ती सेशन मागण्याच्या पद्धतीत. सर्व्हलेटमध्ये विनंतीच्या ऑब्जेक्टवर ‘गेटसेशन’ ही मेथड काहीही न देता बोलावली, तर असलेले सेशन मिळते, आणि नसेल तर तिथल्या तिथे नवे तयार होते. केवळ असेल तर पाहायचे असल्यास तिला मुद्दाम ‘फॉल्स’ सांगावे लागते. म्हणजे विचारणे आणि निर्माण करणे या दोन क्रिया एकाच मेथडमध्ये राहतात, आणि विसरभोळ्या हाताला निर्माण करणारी क्रियाच आधी सापडते. जेएसपी, म्हणजे सर्व्हरवर जावाने घडवलेल्या पानाचेही तसेच. पानाच्या सुरुवातीला सेशन नको असे स्पष्ट लिहिले नाही, तर ते पान कोणी नुसते उघडले तरी सेशन तयार होते. त्यामुळे सेशन तयार झाले याचा अर्थ कोणी तरी लॉगिन केले असा मुळीच होत नाही.

स्प्रिंग सिक्युरिटीचा जन्म 2003 च्या अखेरीस असेगी सिक्युरिटी या नावाने झाला. 2007 च्या शेवटी तो स्प्रिंगचा अधिकृत प्रकल्प झाला आणि त्याला आजचे नाव मिळाले. एक्सएमएल मांडणीच्या काळापासून त्यात सेशन निर्मितीचा पर्याय होता, आणि 3.1 आवृत्तीत ‘स्टेटलेस’ हा चौथा पर्याय त्यात दाखल झाला. उरलेले तीन म्हणजे ‘ऑलवेज’, ‘इफ रिक्वायर्ड’ आणि ‘नेव्हर’. आपण काहीच लिहिले नाही, तर ‘इफ रिक्वायर्ड’ लागू होतो. गरज पडली तर सेशन तयार करायचे, असा तो शहाणपणाचा वाटणारा पर्याय आहे आणि बव्हंशी तो खरोखरच शहाणपणाचा आहे. प्रश्न एवढाच उरतो, की गरज पडली हे ठरवते कोण.

स्प्रिंग सिक्युरिटीच्या आत तरी असे ठरवणारे तीन निरनिराळे घटक आहेत. पहिला सर्वांच्या ध्यानात येणारा. वापरकर्त्याने लॉगिन केले, की तो कोण आहे आणि त्याला काय करण्याची मुभा आहे ही माहिती, म्हणजे सिक्युरिटी कॉन्टेक्स्ट, पुढच्या विनंतीपर्यंत टिकवायची असते. ती सेशनमध्ये ठेवली जाते आणि म्हणून सेशन लागते. अनोळखी पाहुण्यासाठी मात्र फ्रेमवर्क ही माहिती साठवत नाही, त्यामुळे केवळ मुखपृष्ठ पाहून जाणाऱ्यासाठी या कारणाने सेशन तयार होत नाही. विनंती आपल्याच पानावरून आली हे पटवणारे सीएसआरएफचे टोकन हा दुसरा घटक. नेहमीच्या मांडणीत ते सेशनमध्येच राहते, तेव्हा फॉर्म असलेले कोणतेही पान उघडले आणि त्यात टोकन छापले गेले की सेशन आलेच.

तिसऱ्या घटकाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. लॉगिन न केलेल्या माणसाने एखादा बंद पत्ता उघडला, तर फ्रेमवर्क त्याला लॉगिनच्या पानावर पाठवते आणि लॉगिन झाल्यावर त्याने मूळ मागितलेल्या पानावर परत नेते. ही सोय इतकी सहज अंगवळणी पडलेली आहे, की तिच्यासाठी मूळ विनंती कुठे तरी जपून ठेवावी लागत असेल हे मनातही येत नाही. ती सेशनमध्येच ठेवली जाते. फ्रेमवर्क यात बरेच तारतम्य दाखवते. फॅव्हआयकॉनची विनंती, जावास्क्रिप्टने पाठवलेली म्हणून ओळखता येणारी विनंती किंवा जेसन मागणारी विनंती ते जपून ठेवत नाही, आणि सीएसआरएफ संरक्षण चालू असेल तर केवळ गेट प्रकारच्याच विनंत्या जपते. तरीही उरलेले पुरेसे असते. इंटरनेटवर रात्रंदिवस निरनिराळ्या सर्व्हरवर व्यवस्थापकाच्या पानांचे पत्ते चाचपत फिरणारे बॉट कुकी परत आणत नाहीत. त्यांची प्रत्येक विनंती नवी, प्रत्येक विनंतीला बंद दरवाजा, आणि प्रत्येक बंद दरवाजामागे ‘परत येईल तेव्हा याला इथे आणून सोडायचे’ अशा नोंदीसह एक नवे सेशन. टॉमकॅट या सर्व्हलेट चालवणाऱ्या सर्व्हरमध्ये सेशनचे आयुष्य काही बदलले नसेल तर 30 मिनिटांचे असते. सेकंदाला अशा 10 विनंत्या आल्या, तर अर्ध्या तासात 18,000 सेशन्स मेमरीत साठतात आणि त्यांतल्या एकालाही कोणी पुन्हा भेटायला येणार नसते. मेमरीचा आलेख विनाकारण चढतो आहे अशी तक्रार आली, की मी आधी इकडे पाहतो. जिथे ही सोय नको असेल तिथे ती बंद करता येते आणि त्यासाठी सगळेच ‘स्टेटलेस’ करण्याची गरज नसते.

‘ऑलवेज’ हा पर्याय वरवर उधळा वाटतो. प्रत्येक विनंतीला सेशन कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. पण त्याच्यामागे एक जुनी अडचण आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. सेशनचा क्रमांक ब्राउझरकडे जातो तो उत्तराच्या हेडरमधून, आणि हेडर मजकुराच्या आधी निघतात. सर्व्हर उत्तराचा मजकूर आधी एका बफरमध्ये जमवतो. टॉमकॅटमध्ये हे बफर सहसा 8 किलोबाइटचे असते. ते भरले, की हेडरसह तेवढा भाग रवाना होतो. त्यानंतर कोणी सेशन मागितले तर कुकी पाठवायला जागाच उरलेली नसते, आणि ‘उत्तर रवाना झाल्यावर सेशन तयार करता येत नाही’ अशा अर्थाची चूक उभी राहते. आता असे पान डोळ्यांपुढे आणा, की ज्यात वर लांबलचक मेनू आणि मजकूर आहे, आणि अगदी तळाशी एक छोटासा फॉर्म. त्या फॉर्ममधले सीएसआरएफ टोकन छापायची वेळ येते तेव्हा सेशन हवे असते, पण उत्तराचा पहिला भाग केव्हाच निघून गेलेला असतो. पान छोटे असताना सगळे सुरळीत चालते, आणि कोणी तरी मेनूत आणखी काही दुवे घातले की तेच पान मोडते. मेनू वाढवणाऱ्याला सुरक्षेच्या मांडणीशी काही देणेघेणे नसते, म्हणून हा दोष शोधणाऱ्याचा दिवस वाया जातो. ‘ऑलवेज’ने सेशन सुरुवातीलाच तयार होते आणि ही वेळ येत नाही. मला हा उपाय अंमळ जड वाटतो. ज्या पानांवर फॉर्म आहे तिथे टोकन आधीच वाचून घेतले तरी काम भागते.

‘नेव्हर’ हा मात्र चौघांत सर्वांत फसवा पर्याय आहे. तो लावल्यावर फ्रेमवर्क आपला सिक्युरिटी कॉन्टेक्स्ट ठेवण्यासाठी स्वतः सेशन तयार करत नाही, पण दुसऱ्या कोणी तयार केलेले असेल तर ते बिनदिक्कत वापरते. याचा परिणाम फॉर्म लॉगिनच्या बाबतीत गमतीदार होतो. ‘नेव्हर’ लावूनही लॉगिन व्यवस्थित चालते, कारण लॉगिनच्या पानावर छापलेल्या सीएसआरएफ टोकनने सेशन आधीच उघडून ठेवलेले असते आणि फ्रेमवर्क त्यात वापरकर्त्याची माहिती ठेवते. पुढे कोणी तरी सीएसआरएफ बंद करतो किंवा ते टोकन कुकीत हलवतो, आणि लॉगिन मोडते. पासवर्ड बरोबर असतो, लॉगिन यशस्वी झाल्याची नोंद लॉगमध्ये असते, आणि तरी पुढच्याच पानावर वापरकर्ता पुन्हा अनोळखी ठरतो. ज्याने बदल केला त्याने सेशनच्या ओळीला हातही लावलेला नसतो. ‘नेव्हर’ लिहिणाऱ्याने सेशन दुसरे कोण तयार करणार आहे हे त्याच ओळीशेजारी लिहून ठेवावे, असे माझे मत आहे. ज्याला ते लिहिता येत नाही त्याने तो पर्याय वापरू नये.

आता ‘स्टेटलेस’. रॉय फील्डिंग यांनी 2000 साली आपल्या प्रबंधात रेस्ट ही वास्तुरचना मांडली. तिच्यातल्या एका अटीनुसार प्रत्येक विनंतीत ती समजण्यासाठी लागणारी सारी माहिती असली पाहिजे, आणि संवादाची स्थिती सर्व्हरकडे न राहता क्लायंटकडे राहिली पाहिजे. पुढे मे 2015 मध्ये जेडब्ल्यूटी हे टोकन आरएफसी 7519 म्हणून प्रमाणित झाले आणि सही केलेली ओळख विनंतीसोबतच पाठवण्याची पद्धत सर्वत्र रुळली. अशा एपीआयसाठी ‘स्टेटलेस’ हा योग्यच पर्याय आहे. तो लावल्यावर फ्रेमवर्क सिक्युरिटी कॉन्टेक्स्टसाठी सेशन तयार करत नाही, असलेले वाचत नाही, आणि मूळ विनंती जपून ठेवण्याची ती सोयही बंद करते.

पण हा हुकूम फ्रेमवर्कपुरता चालतो, आणि तोही त्याच्या सर्व भागांवर नाही. आपला स्वतःचा कोड, एखादे जेएसपी पान, दुसऱ्या कोणाची लायब्ररी यांपैकी कोणीही ‘गेटसेशन’ बोलावले की सेशन तयार होते आणि ‘स्टेटलेस’ त्याला हरकत घेत नाही. सीएसआरएफ संरक्षण नेहमीच्या मांडणीत चालू ठेवले तर त्याचे टोकनही सेशनच मागते. त्याहून नवलाची गोष्ट ओऑथ लॉगिनची, म्हणजे दुसऱ्या ओळखसेवेच्या खात्याने केलेल्या लॉगिनची. वापरकर्त्याला दुसऱ्या ओळखसेवेकडे पाठवण्यापूर्वी ती विनंती कुठे तरी टिपून ठेवावी लागते, म्हणजे परत आलेले उत्तर आपल्याच प्रश्नाचे आहे हे ताडून पाहता येते. ही टिपणी मुळात सेशनमध्येच राहते. त्यामुळे मांडणीत ‘स्टेटलेस’ आणि ओऑथ लॉगिन शेजारी शेजारी दिसले, की जेसेशनआयडीची कुकी ब्राउझरकडे जाते आहे असे गृहीत धरावे. सेशन खरोखरच नको असेल तर ती टिपणी कुकीत ठेवणारा घटक आपल्याला लिहावा लागतो.

सुरुवातीला जोडीने फिरणाऱ्या दोन ओळींचा उल्लेख केला, त्यांच्याकडे आता वळतो. सेशन नाही म्हणून सीएसआरएफचा धोका नाही, हा युक्तिवाद मला वारंवार ऐकू येतो. धोका सेशनमुळे निर्माण होत नाही. ब्राउझर आपली ओळखपत्रे न विचारता आपसूक पाठवतो, यामुळे तो निर्माण होतो. जेडब्ल्यूटी कुकीत ठेवले तर ब्राउझर ते दुसऱ्या साइटवरून सुरू झालेल्या विनंतीसोबतही पाठवू शकतो. कुकीच्या सेमसाइट गुणधर्माने त्याला बराच आळा बसतो, पण तो गुणधर्म नीट लावलेला आहे की नाही हे सेशनच्या ओळीवरून कळत नाही. बेसिक पद्धतीचे, म्हणजे प्रत्येक विनंतीच्या हेडरमध्ये नाव आणि पासवर्ड पाठवणारे, लॉगिनही ब्राउझर लक्षात ठेवतो आणि परस्पर पाठवतो. टोकन प्रत्येक वेळी कोडने स्वतःहून हेडरमध्ये घालावे लागत असेल, तेव्हाच सीएसआरएफ संरक्षण निर्धास्तपणे काढता येते. म्हणजे त्या दुसऱ्या ओळीचे समर्थन पहिल्या ओळीत सापडत नाही. ओळखपत्र कुठे ठेवले आहे हे पाहावे लागते.

टोकनाची दुसरी अडचण ते मागे घेण्याची. सेशन ही सर्व्हरच्या हातातली गोष्ट आहे. एखाद्याचे खाते बंद केले तर त्याचे सेशन त्याच क्षणी मोडता येते. सही केलेले टोकन मुदत संपेपर्यंत खरेच राहते, आणि ते आधी रद्द करायचे तर रद्द टोकनांची यादी सर्व्हरने ठेवायची आणि प्रत्येक विनंतीला ती पाहायची. अशी यादी मी अनेक प्रकल्पांत पाहिली आहे. तिचा आकार, तिची जागा आणि ती सर्व सर्व्हरवर सारखी ठेवण्याची धडपड पाहिली, की सर्व्हरवर स्थिती नको या निश्चयाने सुरू झालेली वाट फिरून पुन्हा स्थितीपाशीच आली आहे हे दिसते. थोड्या मुदतीची टोकने आणि ती नवी करून देण्याची सोय हा मधला मार्ग बरा आहे, पण तो निवडताना काही मिनिटे तरी रद्द माणूस आत राहू शकतो हे मान्य करावे लागते.

सेशनच्या बाजूनेही एक सावधगिरी लागते आणि ती निर्मितीच्या क्षणाशी निगडित आहे. सेशन लॉगिनच्या आधीच तयार झाले, आणि वर पाहिल्याप्रमाणे ते अनेक कारणांनी होते, तर तोच क्रमांक लॉगिननंतर चालू ठेवणे धोक्याचे असते. हल्लेखोराने स्वतःला माहीत असलेला क्रमांक आधीच दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये पेरून ठेवला असेल, तर त्या माणसाने लॉगिन केल्यावर हल्लेखोरही त्याच ओळखीने आत येतो. म्हणून स्प्रिंग सिक्युरिटी लॉगिनच्या वेळी क्रमांक बदलते. 2013 च्या सर्व्हलेट 3.1 पासून त्यासाठी ‘चेंजसेशनआयडी’ ही सोय उपलब्ध आहे. त्याआधी नवे सेशन उघडून जुन्यातली माहिती त्यात उतरवावी लागे. हे संरक्षण आपोआप मिळते आणि ते बंद करायला मला आजवर एकही पटणारे कारण सापडलेले नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये आलेल्या 6.0 आवृत्तीने या सगळ्या व्यवहारात एक मूलभूत बदल केला. पूर्वी विनंती संपताना सिक्युरिटी कॉन्टेक्स्टमध्ये जे काही असेल ते फ्रेमवर्क परस्पर सेशनमध्ये जपून ठेवत असे. उत्तर रवाना होण्याआधीचा शेवटचा क्षण पकडण्यासाठी त्याला उत्तराच्या ऑब्जेक्टभोवती स्वतःचे वेष्टन घालावे लागे. शिवाय वापरकर्ता नुकताच लॉगिन झाला आहे का हे तपासायला प्रत्येक विनंतीला सेशन वाचले जाई. सेशन्स रेडिससारख्या वेगळ्या सर्व्हरवर ठेवलेली असतील, तर प्रत्येक वाचनासाठी नेटवर्कवरून जाऊन यावे लागते आणि या सवयीची किंमत लगेच जाणवते. आता जो घटक लॉगिन करवतो, त्यानेच ते स्पष्टपणे जपून ठेवायचे. फॉर्म लॉगिन हे स्वतः करते. बेसिक लॉगिन ओळख केवळ त्या विनंतीपुरती ठेवते, त्यामुळे ते आता आपल्या बाजूने सेशन उघडत नाही. आपण स्वतः लिहिलेल्या लॉगिनच्या कंट्रोलरला मात्र जपून ठेवण्याची ती एक ओळ लिहावी लागते. ती राहिली, तर लॉगिनचे उत्तर यशस्वी येते आणि दुसऱ्या विनंतीला वापरकर्ता पुन्हा अनोळखी होतो. स्थलांतर करताना पुष्कळांना याचा जाच झाला, आणि तरीही मला हा बदल मनापासून पटतो, कारण सेशनवर लिहिणारा हात आता कोडमध्ये डोळ्यांना दिसतो.

एकाच अ‍ॅप्लिकेशनमध्ये माणसांसाठी पाने आणि यंत्रांसाठी एपीआय अशा दोन्ही गोष्टी असतील, तर एकच धोरण दोघांवर लादू नये. स्प्रिंग सिक्युरिटीत पत्त्यांनुसार वेगवेगळ्या फिल्टरसाखळ्या मांडता येतात, आणि विनंतीला जी साखळी आधी जुळते तीच लागू होते. यंत्रांच्या साखळीला ‘स्टेटलेस’, पानांच्या साखळीला नेहमीचा पर्याय. फक्त आपल्याच पानांवरचे जावास्क्रिप्ट त्या यंत्रांच्या पत्त्यांना हाक मारणार असेल, तर ती साखळी सेशन वाचतच नाही, त्यामुळे लॉगिन केलेला माणूसही तिथे अनोळखी ठरतो. अशा वेळी ब्राउझरच्या स्थानिक साठ्यात टोकन ठेवण्याचा मोह होतो. पानात शिरलेल्या कोणत्याही परक्या स्क्रिप्टला तो साठा वाचता येतो, तर स्क्रिप्टपासून लपवलेली एचटीटीपीओन्ली कुकी वाचता येत नाही. म्हणून आपलीच पाने आणि आपलाच सर्व्हर असेल, तर मी सेशन आणि सीएसआरएफ संरक्षण ही जुनी जोडीच निवडतो.

आणि एखाद्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये ‘स्टेटलेस’ लिहूनही उत्तरांतून जेसेशनआयडी बाहेर पडताना दिसली, तर मांडणी पुन्हा पुन्हा वाचत बसण्यापेक्षा सरळ उपाय आहे. सेशन तयार झाल्याची खबर देणारा लिसनर सर्व्हलेटमध्ये नोंदवावा आणि त्यात स्टॅक ट्रेस छापावा. सेशन ज्या थ्रेडने मागितले, त्याच थ्रेडमध्ये हा लिसनर चालतो, त्यामुळे मागणाऱ्या ओळीपर्यंतचा सगळा माग छापून येतो. मी असे माग पाहिले, तेव्हा वरच्या ओळींत कधी एखादे विस्मृतीत गेलेले जेएसपी पान होते, कधी वापरकर्त्याची भाषा सेशनमध्ये ठेवणारा घटक, आणि बऱ्याचदा प्रत्येक विनंतीचा सेशन क्रमांक लॉगमध्ये लिहिण्यासाठी कोणी तरी पूर्वी घातलेला फिल्टर, ज्याने ‘गेटसेशन’ला ‘फॉल्स’ दिलेले नव्हते.